जंगलवाटेवरची सायकल आणि तिची चेन

डोंगरी सायकलची चेन वाटेत दगा देते ती बहुतेक दोन कारणांनी. एक तर धक्क्याने ती दात्यांवरून उतरते, नाहीतर पायडलजवळचे चेनव्हील दगडावर किंवा खुंटावर आदळून दाते वाकतात आणि चेन त्यात अडकते. पहिल्या दुखण्यावर चेन गाइड हा उपाय आहे, तर दुसऱ्यावर बॅश गार्ड. गाइड चेनला जागेवर धरून ठेवतो आणि बॅश गार्ड चेनव्हीलवर येणारा मार स्वतःवर घेतो. दुखणे एक आणि औषध दुसरे असे झाले, तर पैसे जातात आणि चेन पडायची ती पडतच राहते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीच्या परिसरात हा प्रश्न केवळ खेळापुरता राहत नाही. ब्रह्मपुरी वनविभागातल्या या तालुक्यात धानाच्या बांध्या आणि साग-बांबूचे जंगल एकमेकांना खेटून आहे. शिवणी किंवा गुंजेवाहीच्या बाजूला डांबरी रस्ता सोडला की मुरूम, उघडी मुळे, बांबू तोडलेल्या बेटांचे टोकदार बुंधे आणि नाल्यातले गोटे सुरू होतात. याच वाटांवर वाघाचा वावर आहे. उतरलेली चेन बसवायला खाली वाकून बसावे लागते, आणि या जंगलात वाकून बसणे धोक्याचे असते हे मोहफुले आणि तेंदूपाने वेचणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. म्हणून इथे चेन न पडणे ही सोय म्हणून नव्हे, तर सुरक्षिततेची बाब म्हणून पाहायला हवी.

चेन उतरते कशी, हे आधी समजले तर निवड सोपी होते. गिअरच्या सायकलीत चेन थोडी लांबच ठेवावी लागते, कारण तिला मागच्या लहान-मोठ्या सगळ्या चक्रांवर पोहोचायचे असते. उरलेली लांबी मागच्या डेरेलरचा, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेचा, स्प्रिंग लावलेला पिंजरा ओढून धरतो. सायकल मुळावरून उडाली की हा पिंजरा पुढे झोकला जातो, खालची चेन ढिली पडते आणि तिचे हेलकावे पुढे चेनव्हीलपर्यंत जातात. पाय फिरतच असतात, त्यामुळे चेन दात्यांच्या मधे बसण्याऐवजी त्यांच्या टोकांवर चढते आणि बहुधा आतल्या बाजूला, चेनव्हील आणि फ्रेमच्या फटीत जाऊन रुतते. साध्या बिनगिअरच्या सायकलीत चेन ताठ बसवलेली असल्याने हा प्रकार क्वचित होतो. तिथे चेन वारंवार पडू लागली, तर मागचे चाक थोडे ओढून आवळले की बहुतेक वेळा काम भागते.

कोणताही गार्ड घेण्याआधी चेन मोजून पाहावी. सायकलच्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर अंतर असते. नव्या चेनवर पट्टी ठेवून एक पिन शून्यावर धरली, तर चोविसावा खण संपतो तिथली पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती पिन इंचाच्या सोळाव्या भागाने पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. अष्टमांश इंचाने गेली असेल, तर दातेही झिजले असे समजावे. झिजलेली चेन कोणताही गाइड लावला तरी पडणारच. मुरमाच्या धुळीत तेल थापलेली चेन फार लवकर या अवस्थेला येते. म्हणून तेल प्रत्येक कडीत थेंबभर घालावे आणि वरचे फडक्याने पुसून घ्यावे.

आता बॅश गार्ड. तालुक्याच्या गावी मिळणाऱ्या डोंगरी सायकलींना पुढे सहसा तीन चेनव्हील असतात. ४२, ३४ आणि २४ दात्यांचा संच त्यांत फार आढळतो. सर्वांत बाहेर प्लास्टिकची एक पातळ कडी दिसते. तिला अनेक जण बॅश गार्ड समजतात, पण तिचे काम पॅन्टचा पाय किंवा ओढणी चेनमध्ये जाऊ न देण्याचे आहे. दगडाचा एक फटका बसला की ती तडकते. खरा बॅश गार्ड जाड असतो, क्रँकच्या (पायडल जोडलेल्या दांड्याच्या) भुजांना बोल्टने आवळलेला असतो आणि त्याची कड चेनच्याही बाहेर येते. म्हणूनच तो दात्यांच्या आकड्यावर विकला जातो. ३४ दात्यांच्या चेनव्हीलला ३२ दात्यांचा गार्ड लावला, तर चेनच आधी दगडाला लागेल.

जंगलवाटेसाठी सर्वांत उपयोगी बदल म्हणजे मोठे चेनव्हील काढून त्या जागी बॅश गार्ड बसवणे. ४२ दात्यांच्या चेनव्हीलचा व्यास सुमारे १७० मिलिमीटर असतो, ३४ दात्यांचा १३८ च्या आसपास. मोठे चक्र गेले की क्रँकखाली साधारण १६ मिलिमीटर जागा मोकळी होते. गार्डची जाडी त्यातली थोडी परत घेते, पण आता खाली दाते नसून गुळगुळीत कड असते आणि सायकल ओंडक्यावरून घसरत पार होते. तोटा वेगाचा होतो. २६ इंची चाक आणि मागे १४ दात्यांचे चक्र धरले, तर मिनिटाला ८० फेऱ्यांनी ४२ दात्यांवर ताशी सुमारे ३० किलोमीटर वेग मिळतो आणि ३४ दात्यांवर २४ किलोमीटर. मूल किंवा नागभीड गावाकडच्या डांबरी रस्त्यावर हा फरक जाणवेल, पण मुळे-दगडांच्या वाटेवर तेवढा वेग मुळात कोणी गाठत नाही.

एक अडचण मात्र दुकानातच तपासून घ्यावी. स्वस्त क्रँकमध्ये तिन्ही चेनव्हील रिव्हेटने कायमची जोडलेली असतात. ती सुटी होत नाहीत, त्यामुळे पूर्ण क्रँक बदलावा लागतो. ॲलन कीचे बोल्ट दिसत असतील तरच पुढे जावे. चार भुजांच्या डोंगरी क्रँकवर बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास बहुधा १०४ मिलिमीटर असतो आणि त्याच मापाचा गार्ड सहज मिळतो. बदल झाल्यावर पुढचा डेरेलर किती बाहेर जाईल हे ठरवणारा मर्यादा-स्क्रू आत घ्यायला विसरू नये, नाहीतर तो चेनला गार्डवर फेकत राहतो.

गार्डसाठी पॉलिकार्बोनेट हा प्लास्टिकचा प्रकार आणि ॲल्युमिनियम ही दोन मुख्य द्रव्ये आहेत. ॲल्युमिनियम फुटत नाही, पण दगडात रुतते आणि त्याच्या कडेला करवतीसारखे दाते पडतात. पॉलिकार्बोनेट दबते, सरकते, वजनाला हलके असते आणि जोराच्या माराने कधीतरी तडकते. नाल्यातले गोटे, मुळे आणि बुंधे यांच्यासाठी पॉलिकार्बोनेटच बरे. पाथरवटाच्या खाणीसारख्या तीक्ष्ण खडकांवर रोज जायचे असेल, तरच ॲल्युमिनियम घ्यावे. बॅश गार्डचा आणखी एक प्रकार क्रँकला न लावता फ्रेमला लावतात. तो फक्त खालची बाजू झाकतो आणि त्याने क्रँकवर मार येत नाही. त्यासाठी फ्रेमच्या बीबीभोवती, म्हणजे क्रँकचा आस बसतो त्या नळीभोवती, तीन भोकांचे कान लागतात. या मापाला आयएससीजी-०५ म्हणतात. महागड्या डोंगरउताराच्या सायकलींना ते असतात, साध्या फ्रेमला नसतात.

चेन गाइडचे गणित वेगळे आहे. चेन चेनव्हीलवर वरच्या बाजूने येते, म्हणून तिला तिथेच, दात्यांना भिडण्याच्या जरा मागे, दोन्ही बाजूंनी आवर घालावा लागतो. शर्यतीच्या उतारावर धावणाऱ्या सायकलींना खाली आणखी एक पुली असते. ती चेनला चेनव्हीलभोवती जास्त गुंडाळून ठेवते. २०१२ मध्ये सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने एकाआड एक जाड-बारीक दात्यांचे एकच चेनव्हील बाजारात आणले, त्याच सुमारास शिमानो ही दुसरी कंपनी आणि स्रॅम यांच्या डेरेलरमध्ये पिंजऱ्याला आवरणारा क्लच आला, आणि खालच्या पुलीची गरज बरीच ओसरली. पुढे एकच चेनव्हील आणि मागे क्लच असलेल्या सायकलीला वरचा छोटा गाइड पुरतो. तो सीटच्या नळीला क्लॅम्पने बसतो. त्यासाठी नळीचा व्यास मोजून न्यावा. २८.६, ३१.८ आणि ३४.९ मिलिमीटर ही नेहमीची मापे आहेत.

तीन किंवा दोन चेनव्हीलच्या सायकलीला दोन्ही बाजूंचा गाइड बसतच नाही, कारण चेनला एका चक्रावरून दुसऱ्यावर जायचे असते. तिथे वरचा आवर पुढचा डेरेलरच घालतो. उघडी राहते ती आतली बाजू. सीटच्या नळीला, सर्वांत लहान चेनव्हीलच्या अगदी शेजारी, एक छोटा प्लास्टिकचा चेन-अडवणारा आवळला की तीही बंद होते. खर्च अगदी थोडा येतो. इथल्या बहुतेक सायकलींसाठी गाइडवर पैसे घालण्याआधी हाच उपाय करून पाहावा.

शाळेत जाणाऱ्या मुलींच्या सायकलींना यातले काहीच लागत नाही. त्यांना चेनकव्हर हवे, आणि ते शक्यतो पूर्ण बंद असावे. धूळ, चिखल आणि ओढणी तिन्ही त्याने बाहेर राहतात. कव्हर चेनला घासत असेल तर काढून टाकू नये. पट्टीचा बोल्ट सैल करून ते बाहेर सरकवले की आवाज थांबतो.

पावसाळ्यात या भागातला चिखल गाइडची खरी परीक्षा घेतो. रोवणीच्या दिवसांत बांध्यांच्या कडेने जाताना काळी चिकण माती गवताच्या काड्यांसह चेनवर चढते. खालची पुली असलेल्या किंवा पेटीसारख्या बंद गाइडमध्ये ती साठते, आणि चेन पडण्याऐवजी जाम होते. म्हणून इथे बाजूंनी उघडा, आतून माती दिसेल असा गाइड निवडावा. बसवताना चेन आणि गाइडच्या भिंतीमध्ये दोन्हीकडे एक-दोन मिलिमीटर फट ठेवावी. मग सायकल टांगून मागचे सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान चक्र आळीपाळीने लावून क्रँक हाताने फिरवावा, कारण या दोन टोकांना चेन सर्वांत तिरकी चालते. एखाद्या टोकाला घासण्याचा आवाज आला, तर बोल्टखाली पातळ वॉशर घातला किंवा काढला की तो जातो. पहिल्या फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.