सडपातळ देह, दडलेली चरबी

'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने २००४ मध्ये दोन डॉक्टरांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. एक पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या प्रमाणात वजन दर्शविणारा 'बीएमआय' दोघांचाही २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाट्याला न दिसणारा हा फरक कोठून येतो?

अन्नातील ऊर्जा कोठे जावी, हे बऱ्याच अंशी संप्रेरके ठरवितात. त्यांत इन्सुलिन प्रमुख. जेवणानंतर रक्तातील साखर वाढली की स्वादुपिंडातून ते स्रवते. त्याच्या प्रभावाने स्नायू साखर आत घेतात आणि मेदपेशी चरबी साठवितात. साठलेली चरबी बाहेर पडण्यासही ते अटकाव करते. टेस्टोस्टेरॉन स्नायूंच्या घडणीस बळ देते. उलट, कॉर्टिसॉल दीर्घकाळ वाढलेले राहिल्यास स्नायू झिजतात व पोटाभोवती चरबी साचते.

स्नायू इन्सुलिनला पुरेशी दाद देईनासे झाले, की खरी अडचण सुरू होते. स्वादुपिंड अधिक इन्सुलिन स्रवू लागते. स्नायूंत न शिरलेल्या साखरेपैकी काही यकृतात चरबीचे रूप घेते. वाढती गरज भागविणे स्वादुपिंडाला अशक्य झाले, की मधुमेह जडतो. हालचाल करणारा स्नायू मात्र इन्सुलिनची वाट न पाहताही साखर ओढून घेतो. व्यायामाचे महत्त्व त्यातच आहे.

पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ मध्ये जवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो भरले. परंतु ही तूट सर्वत्र सारखी नव्हती. स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते. पाठीच्या त्वचेखालील चरबी बरीचशी टिकून होती. पुणे व लंडन येथील बाळांच्या नाळेतील रक्ताची तुलना २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. पुण्याची बाळे हलकी असूनही त्यांच्या रक्तात इन्सुलिन अधिक आढळले. चरबीकडील हा कल जन्मापूर्वीच जडतो, असा त्याचा अर्थ.

मातेच्या आहाराशीही त्याचा संबंध दिसला. गरोदरपणी फोलेट भरपूर, पण ब-१२ जीवनसत्त्व कमी असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक होती. याच गावांतील मुले किशोरवयात येताच, ती स्वतः आईबाप होण्याआधी त्यांना ब-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग २०१२ मध्ये सुरू झाला.