जॉन फॉस्टरचा लाकडी ठसा

इ. स. १६७७ मध्ये बॉस्टन येथे विल्यम हबर्ड या धर्मोपदेशकाने न्यू इंग्लंडमधील वसाहतवाले आणि तेथील मूळ रहिवासी यांच्यात झालेल्या युद्धाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, आणि त्या ग्रंथासोबत जो नकाशा वाचकांच्या हाती पडला तो उत्तर अमेरिकेतील इंग्रजी वसाहतींत कोरून छापलेला पहिला नकाशा होय. तो जॉन फॉस्टरच्या हातचा मानला जातो. डॉर्चेस्टर गावी जन्मलेल्या आणि हार्वर्डमध्ये शिकलेल्या या तरुणाने १६७५ साली बॉस्टन शहरातील पहिला छापखाना चालू केला, आणि १६८१ साली, ऐन उमेदीत, तो निवर्तला.

ताम्रपटावर रेषा खोदण्याची नाजूक कला युरोपातील नकाशाकारांच्या हाती होती; फॉस्टरने लाकूड पत्करले. लाकडी ठशाचे काम कष्टाचे. जी रेषा कागदावर उमटावयाची तिला उंच ठेवून तिच्या भोवतालचे सारे लाकूड पटाशीने खणून काढावे लागते, आणि तेही उलट्या बाजूने, म्हणजे उजवीकडचा किनारा डावीकडे धरून. समुद्र मोकळा दाखवावयाचा तर तेवढे सगळे लाकूड तासणे आले! फॉस्टरने त्या समुद्रात गलबते सोडली, जमिनीवर झाडे, पशू आणि चिमुकल्या मनुष्याकृती पेरल्या, आणि आपल्यासमोरचा मूळ नमुना काही ठिकाणी सदोष असल्यामुळे आपले कामही तितकेच बिनचूक उतरले नाही, अशी कबुली नकाशावरच छापली. कारागिराचा हा प्रामाणिकपणा मला मनापासून आदरणीय वाटतो.

या नकाशात माथ्यावर उत्तर नसून पश्चिम आहे. त्यामुळे अटलांटिक महासागर तळाशी येतो आणि पाहणारा जणू नुकत्याच किनाऱ्याला लागणाऱ्या जहाजावर उभा राहून समोरचा मुलूख न्याहाळतो. त्या मुलखावरून वर चढत गेलेल्या दोन सरळ रेषा म्हणजे मॅसॅच्युसेट्स वसाहतीची सरहद्द. १६२९ च्या राजसनदेने मेरिमॅक नदीच्या उत्तरेस तीन मैल आणि चार्ल्स नदीच्या दक्षिणेस तीन मैल अशी जी हद्द ठरविली, ती पश्चिमेच्या महासागरापर्यंत बहाल केली होती, आणि तो महासागर किती दूर आहे याची सनद देणाऱ्यांना कल्पनाही नव्हती. या दोन रेषांच्या दरम्यान कोणाची शेते, कोणाची शिकारीची राने, कोणाच्या पूर्वजांची थडगी होती, याचा विचार सनदेत नव्हता. तो नकाशातही उतरला नाही.

तरी नकाशाचा खरा विषय सरहद्द नव्हे, तर गावांच्या नावांशेजारचे आकडे होत. ज्या ज्या वसाहतीवर मूळ रहिवाशांनी हल्ला केला तिच्यापुढे आकडा घातलेला आहे, आणि हबर्डच्या ग्रंथातील तक्त्यात त्या आकड्याचा खुलासा सापडतो. १६७५ च्या जूनमध्ये स्वॉन्झीपासून पेटलेल्या युद्धाने न्यू इंग्लंडमधील निम्म्याच्या आसपास गावांना झळ पोचविली होती. तेव्हा वाचकाने आपले गाव, भावाचे गाव, सासऱ्याचे गाव त्या तक्त्यात थरथरत्या बोटाने शोधले असेल, यात नवल नाही. परंतु १९ डिसेंबर १६७५ रोजी वसाहतींच्या सुमारे एक हजार फौजेने मूळ रहिवाशांपैकी नॅरागॅन्सेट लोकांच्या दलदलीतल्या गढीवर चाल करून तिला आग लावली आणि स्त्रिया, मुले व वृद्ध यांच्यासह शेकडो जीव त्यात गेले, तो प्रसंग आकडा घालण्याच्या या नियमात बसत नाही. हा नियम एकाच पक्षाच्या जखमा मोजणारा आहे.

दुसऱ्या पक्षालाही नकाशा काढता येत होता, याचा पुरावा प्लिमथ वसाहतीच्या दफ्तरात आहे. मूळ रहिवाशांपैकी वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मेटाकॉम, ज्याला इंग्रज किंग फिलिप म्हणत, त्याच्या नावे १६६८ साली न्यायसभेपुढे एक लेख गेला. विकावयाच्या जमिनीचा कच्चा नकाशा आणि तीतील मुख्य स्थळांची नावे त्यात आहेत. आणि त्याबरोबर अशी अट आहे की, पडीक जमीन विकली जावी, पण जे लोक तेथे राहतात त्यांची वहिवाट तशीच चालू राहावी. खरेदीखत म्हणजे जुन्या रहिवाशांची हकालपट्टी, अशी समजूत असलेल्या शेजाऱ्यांपुढे ठेवलेला हा सामोपचाराचा प्रस्ताव होता. पुढे १६७१ मध्ये टॉन्टन येथे त्याला हत्यारे खाली ठेवण्याचा करार करावा लागला, १६७६ च्या ऑगस्टमध्ये याच युद्धात तो मारला गेला, आणि त्याचा लहान मुलगा गुलाम म्हणून विकला गेला.

फॉस्टरचा नकाशा अमेरिकेच्या मुद्रणेतिहासात अग्रपूजेचा मान मिळवून बसला आहे, आणि कारागिरी म्हणून तो मान रास्तच आहे. पण त्या युद्धाचा दस्तऐवज म्हणून तो जेथे जेथे छापला जाईल, तेथे १६६८ चा तो कच्चा आराखडाही त्याच्या समोरच्याच पानावर छापला पाहिजे.