नऊची गोळी

पहाटे ५:२०. डोंबिवली स्टेशन. ताईंच्या पर्समध्ये सकाळची टॅक्रोलिमसची गोळी आहे, पण ती अजून घ्यायची नाही. आईनं दिलेल्या किडनीचं हे तिसरं वर्ष. सातनंतर गाडीत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून त्या या वेळेला निघतात. खिडकी मिळते, वारा लागतो. अख्ख्या डब्यात मास्क एकट्या ताईंच्या तोंडावर. खरं तर तो खोकणाऱ्यांनी लावायला हवा.

६:४५. परळ. हॉस्पिटलात केस पेपरची रांग.

८:५०. रक्त काढलं. कालची गोळी रात्री ९ ला घेतली होती. बारा तासांनी रक्तात औषध किती उरलं, ते यात कळतं. कमी उरलं तर शरीर किडनी नाकारू शकतं. जास्त झालं तर विषाणूंना रान मोकळं. लगेच गोळी, दोन घोट पाणी. पोळीचा डबा तासाभरानं.

१२:१०. मागच्या आठवड्याच्या रिपोर्टात बीके विषाणू वाढलेला. हा बहुतेकांना लहानपणीच होतो आणि किडनीत गप्प पडून राहतो. प्रतिकारशक्ती दाबली की उठतो. त्यावर हमखास औषध नाही. डॉक्टर प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध, मायकोफेनोलेट, निम्मं करतात.

"मागे तो दुसरा विषाणू, सीएमव्ही, झाला होता, तो तरी आता नाही ना येणार?"

"येऊ शकतो, ताई. आतलाच उठतो, नाहीतर दुसऱ्याकडून नवा येतो. ताप, जुलाब झाले तर थांबू नका."

ताई गप्प होतात. तेव्हा त्यावर व्हॅलगॅनसायक्लोव्हिरच्या रोज चार गोळ्या होत्या. एक गोळी साधारण एका साध्या ब्लाऊजच्या शिलाईएवढी, म्हणजे दोनशेच्या घरात.

३:३०. घरी. मशीन सुरू. अस्तराचा ब्लाऊज, हुक, काजं. साडीला फॉल लावायचा, त्याचे शंभर.

५:००. शेजारीण दारात. तिच्या मुलाला कांजिण्या आल्यात.

"वहिनी, पिशवी कडीला अडकवा, आत येऊ नका."

"अहो, तुम्हाला लहानपणी येऊन गेल्यात ना?"

"गेल्यात. पण आता त्याचा भरवसा नाही."

त्या लगेच दवाखान्यात फोन लावतात. काल हाच मुलगा माप द्यायला आईबरोबर आला होता. लस घ्यावी म्हटलं, तर कांजिण्यांची लस जिवंत विषाणूची असते, किडनी बसवल्यावर ती देत नाहीत.

९:००. मोबाईलचा गजर. टॅक्रोलिमस तेवढीच, मायकोफेनोलेट दोनऐवजी एक. लेक आठवड्याच्या डबीतून जादा गोळ्या काढून ठेवतो, चुकून पोटात जायला नकोत.