‘निरंक’ लिहिण्याआधी

जानेवारी 2018. समृद्धी महामार्गाच्या संयुक्त मोजणीचे दिवस. मी भूमि अभिलेखचा भूकरमापक. त्यातल्या एका दिवसाच्या नोंदी माझ्या फिल्डच्या वहीत आहेत, त्यांवरून हे लिहितोय. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही.

पहाटे 5.30

ईटीएसच्या, म्हणजे मोजणीच्या यंत्राच्या, दोन्ही बॅटऱ्या रात्रीच चार्जिंगला लावलेल्या असतात, तरी उठल्यावर पहिला हात तिकडेच जातो. मग पिशवी भरायची. गटाचा नकाशा, जुनं टिपण, सातबारा, आठ-अ, रस्त्याच्या आखणीची शीट, टेप, चुन्याची पिशवी, खुंट्या. माझे वडीलही याच खात्यात होते. त्यांच्या वेळी तेहतीस फुटांची साखळी आणि फळा असायचा. साखळी गेली, यंत्र आलं, पण बांधावरची माणसं तीच आहेत.

नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर, दहा जिल्हे, त्यात आमच्या सिन्नर तालुक्यातली 26 गावं. रुंदी 120 मीटर. ऐकताना हा आकडा कुणाला मोठा वाटत नाही, म्हणून मी बांधावर नेहमी गणित करून सांगतो: रस्ता शंभर मीटर पुढं सरकला की 1 हेक्टर 20 आर जातात. तीन एकर. ज्याचं सगळं मिळून तीन एकर आहे, त्याला हे लगेच कळतं.

सकाळी 7.15

जीप घोटी रस्त्याला लागली. औंढा-पट्ट्याच्या डोंगरांवर धुकं होतं. तालुक्याचा पूर्वेकडचा भाग कोरडा, वावी-पाथऱ्याकडं पाण्यासाठी जन्म गेलेली माणसं. पश्चिमेला मात्र हिरवं. टोमॅटो, कांदा, गहू, कुठं कुठं डाळिंब. रस्त्याला विरोध जास्त कुठं झाला हे यावरून समजून घ्यावं.

शिवड्याच्या जवळून जाताना जीपमध्ये कुणी बोलत नाही. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये तिथं मोजणीला गेलेल्या पथकाला लोकांनी बांधावरच्या झाडांना टांगलेले फास दाखवले होते. सरणही रचलं होतं. आधी सरकारची योजना जमिनी एकत्र करून त्या बदल्यात विकसित भूखंड देण्याची होती. ती लोकांना पटली नाही, आणि जुलैपासून थेट खरेदी सुरू झाली. ते फास राजकारण होतं असं म्हणणारे मला भेटतात. मी त्या बांधांवर उभा राहिलोय. ते राजकारण नव्हतं.

सकाळी 8.00

गावाच्या पारावर सगळे जमले. तलाठी, कृषी सहायक, बांधकामचे एक जण, झाडांसाठी वनरक्षक, रस्ते विकास महामंडळाचे प्रतिनिधी, पोलीस पाटील, कोतवाल. फळझाडं कृषीवाल्यांनी मोजायची, साग-लिंब वनखात्यानं, घर-गोठा-कांदाचाळ बांधकामवाल्यांनी. हद्द मी.

सकाळी 8.45

सुरुवातीला जुने हद्दीचे दगड शोधायचे. तीनपैकी दोन सापडले. तिसऱ्याच्या जागी बाभूळ. यंत्र लावलं, मध्यरेषा धरली, दोन्ही बाजूंना साठ-साठ मीटर. कोतवालानं चुना टाकायला सुरुवात केली.

गुडघ्याएवढ्या गव्हातून पांढरी रेघ जाताना मी इतक्या वेळा पाहिलीय, तरी त्या वेळी मालकाकडं बघवत नाही. त्या दिवशी एक आजी रेघेच्या पुढं पुढं चालत होत्या आणि वाटेत आडवा झालेला गहू हातानं सरळ करत होत्या. कोतवाल थांबला. मीही थांबलो. त्या पुढं गेल्यावर रेघ पुढं गेली.

सकाळी 10.30

सातबाऱ्यावर जिरायत. इतर हक्कात विहिरीची नोंद नाही. आणि समोर विहीर. बांधीव, गोल, आतून दगडी पायऱ्या, वर पाच अश्वशक्तीची मोटर.

मालक सत्तरीच्या पुढचे. गावात सगळे त्यांना नाना म्हणतात. मी म्हणालो, “नाना, विहीर कागदावर नाही.”

“कागदावर नाही म्हंजे? बहात्तरच्या दुष्काळात बापानं खणली. मी दगड वाहिलेत हिचे.”

“नोंद केली होती का तलाठ्याकडं?”

“पाणी लागलं तव्हा नोंदीचं कोण बघतं, साहेब?”

वाचकाला ही अडचण नीट कळावी म्हणून जरा सविस्तर सांगतो. 2013चा भूसंपादन कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला. त्या हिशेबानं तेव्हा ग्रामीण भागात बाजारमूल्याला दोननं गुणायचं, त्यावर तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे चौपट. थेट खरेदी दिली तर आणखी पंचवीस टक्के, म्हणजे पाचपट. हे पाचपट सगळ्यांच्या तोंडी झालंय. पण कशाच्या पाचपट, हे कुणी विचारत नाही. बारमाही बागायतीचा दर जिरायतीच्या दुप्पट धरतात. जिरायत शंभर रुपये धरली तर हातात पाचशे येतात, आणि तीच जमीन बागायत ठरली तर हजार. नानांचं अर्धं वावर त्या एका न झालेल्या नोंदीत अडकलं होतं.

जिरायत की बागायत हे मी ठरवत नाही, ते वर ठरतं. पण ठरवणारा माणूस विहिरीवर येत नाही. त्याच्यापुढं कागद येतो, आणि तो कागद आम्ही बांधावर लिहिलेला असतो.

नोकरीच्या सुरुवातीला एका रस्त्याच्या मोजणीत मी एका गटापुढं ‘पाईपलाईन: निरंक’, म्हणजे काही नाही, असं लिहिलं होतं. मालक बाहेरगावी गेलेला, बांधावर कुणी सांगणारं नव्हतं, आणि मला अंधार पडायच्या आत पुढचा गट उरकायचा होता. जमिनीखालून चारशे मीटर पाईप गेलेला होता. तो माणूस नंतर दुकानाची बिलं घेऊन किती तरी वेळा आला. दर वेळी त्याला माझ्या सहीचा पंचनामा दाखवला गेला. चूक माझी होती आणि ती मला दुरुस्त करता आली नाही. तेव्हापासून निरंक लिहिण्याआधी मी त्या गटातून एकदा पायी फिरतो. मालक असो वा नसो.

नानांना वीजबिल आणायला सांगितलं. बिल वडिलांच्या नावावर, वडील जाऊन वीस वर्षं झालेली. चालेल म्हटलं. मृत माणसाच्या नावाचं का होईना, इथं मोटर होती याचा तो पुरावा आहे. टेपला दगड बांधून खोली घेतली: 11 मीटर 60. व्यास, बांधकाम, मोटर, पाण्याची पातळी, विहिरीच्या पाण्यावर उभा असलेला गहू आणि कांदा, सगळं पंचनाम्यात घेतलं. पायऱ्या मोजल्या. पाण्याच्या वर दिसणाऱ्या 31. विहिरीची जागा शीटवर चढवली: चुन्याच्या रेघेच्या आत, चार मीटरवर. उरलेली दीड एकर रस्त्याच्या पलीकडं राहणार होती. तिला पाणी कुठून, याला पत्रकात रकाना नव्हता. मी शेऱ्यात लिहिलं.

दुपारी 1.15

लिंबाखाली डबे सोडले. त्याच वावरात एक झोपडी होती. सुरगाण्याकडचं कुटुंब, सहा वर्षांपासून नानांकडं वाट्यानं. बाईनं आम्हाला हंडाभर पाणी आणून दिलं आणि विचारलं, “आमचं काय लिवलं?”

2013च्या कायद्यात तीन वर्षं ज्याचं पोट त्या जमिनीवर आहे अशा शेतमजुराला, वाटेकऱ्यालाही बाधित कुटुंब म्हटलंय. पण थेट खरेदी हा जमिनीच्या मालकाशी होणारा व्यवहार, आणि माझ्या पत्रकात मालकाच्या नावाचा रकाना आहे, कसणाऱ्याचा नाही. हे मला चुकीचं वाटतं. त्या दिवशी मी झोपडीची नोंद घेतली आणि ‘राहणार’ म्हणून त्या माणसाचं नाव घातलं. त्याचा किती उपयोग होईल याची खात्री देता येत नव्हती, आणि तसं मी त्या बाईला सांगितलं.

दुपारी 2.30

दोन भावांचा बांध. नकाशातली हद्द एकीकडं, वहिवाटीचा बांध दुसरीकडं, मध्ये सात गुंठ्यांचा फरक. तीस वर्षं कुणाला टोचला नव्हता, चुना पडल्यावर टोचला. नकाशाप्रमाणे मोजलं, वहिवाट तुटक रेषेनं दाखवली, दोघांच्या सह्या घेतल्या. दोघं वेगवेगळ्या वाटांनी घरी गेले.

संध्याकाळी 4.45

सिन्नर. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयापुढं खरेदीखतांची गर्दी. इथं दिसतात त्या बहिणी. नाशकाहून, संगमनेरहून बोलावून आणलेल्या. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क 2005च्या दुरुस्तीनं मिळाला. बऱ्याच जणींना आपलं नाव सातबाऱ्यावर आहे हे सही मागितल्यावरच कळतं. एक ताई पायरीवर बसल्या होत्या, हातात भावानं आणलेला साडीचा डबा. सही हक्कसोडीवर करायची की खरेदीखतावर, एवढंच त्या मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या. मी दोन्हींतला फरक समजावून सांगितला: एकात हिस्सा सुटतो, दुसऱ्यात हिश्शाचे पैसे तुमच्या खात्यात येतात. भाऊ लांबून बघत होता. सांगणं माझं काम होतं की नाही, माहीत नाही. विचारलं म्हणून सांगितलं.

संध्याकाळी 6.30

कार्यालयात यंत्रातली मोजणी उतरवून घेतली. क्षेत्र जुळवायचं, गटाचं एकूण आणि फाळणीची बेरीज एक आली पाहिजे. पुढं संपादन झालं की याच आकड्यांवरून कमी-जास्त पत्रक होतं. आमच्याकडं त्याला कजाप म्हणतात. कजाप झालं की सातबारा दोन होतात, एक रस्त्याचा, एक उरल्यासुरल्याचा. आज एक आर चुकला तर दहा वर्षांनी कुणाचं तरी पोरगं हेलपाटे घालतं.

रात्री 9.10

जेवताना फोन. नाना.

“साहेब, ते पायऱ्यांचं काय लिवलं?”

“एकतीस, नाना. दिसणाऱ्या एकतीस.”

पलीकडं जरा वेळ काही नाही. मग म्हणाले, “चाळीस आहेत. खालच्या नऊ पाण्यात आहेत. उन्हाळ्यात उघड्या पडतात. मी स्वतः मोजल्यात.”

पंचनाम्यावर पंचांच्या सह्या होऊन गेल्या होत्या. मी म्हणालो, “सकाळी पंचांना बोलावून ठेवा. पुरवणी लिहू.”

“मोटर चालू ठिवतो रातभर. पाणी खाली जाईल. तुमाला दिसतील.”

मी गजर पाचचा लावला.