तळ्याकाठचं साहेबाचं गाव आणि आपली चंद्रभागा

 

गटाच्या बैठकीत आपण हप्ता बोलतो, कर्ज बोलतो, बियाण्याचे भाव बोलतो. सहलीचा विषय निघाला की मात्र हशा होतो. "आपल्याले कोन जाऊ देते बाप्पा!" असं कुणीतरी म्हणतं आणि विषय तिथंच संपतो. निघालोच तर शेगाव, नाहीतर पंढरपूर. देवदर्शन व्हावंच. पण पाऊस उघडून आभाळ स्वच्छ झालं की वावरात उभं राहून उत्तरेकडे पाहा. निळी रेघ दिसते ना? तो सातपुडा. त्याच डोंगरावर तळ्याकाठी वसलेलं चिखलदरा आहे. दर्यापूरहून ऐंशी-नव्वद किलोमीटर. तिथं का जायचं, काय पाहायचं आणि त्या गावाशी आपलं नातं काय, हे आज सांगते.

आधी हे गाव तिथं कसं वसलं ते पाहू. गोष्ट सुरू होते आपल्या शेजारूनच. १८०३ साली इंग्रज आणि मराठे यांची वऱ्हाडात लढाई झाली. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांनी घेतला. त्यांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. पुढं यानंच वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला आणि तो इंग्लंडचा पंतप्रधानही झाला. गाविलगड पडल्यावर नागपूरकर भोसल्यांनी देवगावला तह केला आणि ३० डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला. म्हणजे आपण कपडे घ्यायला जातो त्या अंजनगावचं नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे, ते या तहामुळं.

पुढं १८२३ मध्ये हैदराबादच्या फौजेतला कॅप्टन रॉबिन्सन नावाचा साहेब या पठारावर आला आणि इंग्रजांना ही थंड जागा ठाऊक झाली. गवळी आणि कोरकू लोक तर पिढ्यान् पिढ्या या डोंगरात राहतच होते. सैन्याच्या खर्चाचं कर्ज थकलं म्हणून निजामानं १८५३ मध्ये आपलं वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिलं. कर्ज थकलं की काय होतं ते आपल्या गटाला सांगायला नको, इथं तर अख्खा मुलूखच गेला! मग अमरावती, अकोल्याचे साहेब लोक उन्हाळ्यात डोंगर चढू लागले. त्यांनी वर बंगले बांधले, बागा केल्या, कॉफी लावली. महाराष्ट्रात कॉफीसाठी चिखलदऱ्याचं नाव घेतात, ते तेव्हापासून.

त्यांना तिथं आपल्या विलायतेतल्या खेड्यासारखं गाव हवं होतं. थंड हवा, उतरत्या छपराची घरं, फिरायला रस्ते आणि मधे तळं. हिंदुस्थानात ठिकठिकाणी त्यांनी हेच केलं. दक्षिणेत उटीला सलिव्हन नावाच्या इंग्रज कलेक्टरानं तळं करवून घेतलं. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव मात्र १८४२ मध्ये सातारच्या छत्रपती आप्पासाहेब महाराजांनी बांधवला. तळं नुसतं शोभेचं नव्हतं. डोंगरमाथ्यावर पाऊस खूप पडतो, पण तिथं मोठी नदी नसते. खाली काळा पाषाण, वर मातीचा पातळ थर. पडलेलं पाणी दोन्ही बाजूंनी दरीत पळून जातं. वर राहायचं तर ते अडवावंच लागतं. म्हणून चिखलदऱ्याला शक्कर तलाव आहे, काळापाणी तलाव आहे. शक्कर तलावात नावेत बसता येतं. काळापाण्याचं पाणी गावाला प्यायला लागतं.

आता वर थंड का? उंची वाढली की हवा गार होत जाते. हजार मीटर वर गेलं की साधारण सहा अंश उष्णता कमी होते. दर्यापूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आतबाहेर, चिखलदरा १११८ मीटरवर. म्हणजे आपल्याकडे ४४ अंशांनी जीव कासावीस होतो तेव्हा तिथं पाच अंश तरी कमी. ढगही आधी त्या डोंगराला अडतात, म्हणून पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी जास्त.

मैत्रिणींनो, आता मुद्द्याची गोष्ट ऐका. देवी पॉइंटला खडकाच्या कपारीत देवीचं ठाणं आहे. वरच्या खडकातून पाणी ठिबकत असतं. चंद्रभागा नदीचा उगम तिथलाच सांगतात. कोणती चंद्रभागा? आपलीच! दर्यापूरच्या अंगाला लागून वाहते आणि पुढं पूर्णेला मिळते ती. आपण राहतो खारपाणपट्ट्यात. विहीर खणावी तर पाणी खारं, बोअर मारावी तर खारं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, पिकालाही ते चालत नाही. आपल्या भागातल्या गावांना नळाचं गोडं पाणी येतं ते शहानूर धरणातून. शहानूर नदीही त्याच सातपुड्यातून उतरते. म्हणजे आपल्या घागरीतलं गोडं पाणी त्या डोंगराच्या जंगलातून येतं. झाडं पाऊस धरून ठेवतात, मातीत मुरवतात आणि हळूहळू सोडतात. जंगल गेलं तर पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात कोरडी नदी, एवढंच आपल्या वाट्याला उरेल.

म्हणून सांगते, चिखलदऱ्याला जायचं ते आपल्या पाण्याचं माहेर पाहायला. माहेरी गेल्यावर आपण कचरा करतो का? शक्कर तलावाच्या काठी टाकलेली कुरकुऱ्याची पिशवी, पाण्याची बाटली पावसात वाहून दरीत जाते. दरीतून ओढ्यात, ओढ्यातून नदीत. खालच्या काठावर आपणच बसलेल्या असतो.

पाहायला खूप आहे. भीमकुंडाची कथा तर प्रत्येक बाईनं पोरीला सांगावी अशी. पांडव अज्ञातवासात विराट राजाकडे होते. द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची दासी झाली होती. राजाचा मेहुणा कीचक तिच्या मागं लागला. तिनं दरबारात दाद मागितली, कुणी उठलं नाही. शेवटी भीमानं कीचकाला मारलं. त्याला इथल्या दरीत टाकलं म्हणून कीचकदरा, त्याचं चिखलदरा झालं आणि भीमानं हात धुतले ते भीमकुंड, असं लोक सांगतात. जवळच वैराट नावाचं ठिकाणही आहे. दुसऱ्याच्या घरी कामाला जाणाऱ्या बाईवर मालकाच्या नातलगाची नजर, ही तक्रार किती जुनी आहे पाहा.

पंचबोल पॉइंटला हाक मारली की दऱ्यांमधून आवाज परत येतो. घरात आवाज चढवायची सोय नसते, तिथं पोटभर ओरडून घ्या. गाविलगडावर तोफा आणि नक्षीचे दरवाजे आहेत. चढताना चप्पल नको, बूट घाला.

आणि माणसंही पाहा. कोरकूंची भाषा मराठीहून अगदी वेगळ्या कुळातली आहे. त्यांच्या बाया कुटकी पिकवतात, मोह वेचतात. ज्या डोंगरातून आपलं पाणी येतं, तिथल्याच कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. मेळघाटातली बाळं कुपोषणानं दगावल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं ऐकतो. तेव्हा विचारल्याशिवाय त्यांचे फोटो काढू नका. मध, रानमेवा घ्याल तर घासाघीस न करता घ्या. जमलं तर तिथल्या एखाद्या गटाच्या बायांजवळ दोन घटका बसा. पाणी किती लांबून आणता, दवाखाना किती दूर आहे, ते विचारा. त्यांचं ऐकलं की आपल्यालाही चार गोष्टी सुचतील.

आता जायचं कसं? पैसे गटाच्या कर्जाच्या निधीतून काढू नका. सहलीची वेगळी वही करा. महिन्याला पन्नास रुपये टाकले तर वर्षात प्रत्येकीचे सहाशे जमतात. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजींना प्रवास फुकट, तेव्हा आधार कार्ड जवळ ठेवा. दर्यापूरहून अंजनगावमार्गे परतवाडा, तिथून चिखलदरा. निघण्याआधी स्टँडवर परतीच्या गाडीची वेळ विचारून घ्या.

दिवस निवडायचा तर निंदण आटोपल्यावर, पोळा झाला की. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी सुरू व्हायच्या आधी. डोंगर तेव्हा हिरवा असतो. घाटात मळमळतं, म्हणून आल्याचा तुकडा तोंडात ठेवा. शाल घ्या, धुकं उतरलं की गारठा होतो. परतवाड्यालाच बाथरूमला जाऊन घ्या. रोडगे, वांग्याची भाजी घरूनच करून न्या. वर चूल पेटवू नका. हे मेळघाटचं वाघाचं जंगल आहे, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. एका ठिणगीनं जंगल जातं. कड्याच्या टोकावर सेल्फी नको. आणि अंधार पडायच्या आत घाट उतरा.

"घरचं कोण पाहील?" असं कुणी म्हणेल. एक दिवस घरचे पाहतील. साहेब लोक उन्हाळाभर तिथं गारव्याला बसत, तेव्हा त्यांच्या सामानाची ओझी डोक्यावर घेऊन आपल्यासारखेच लोक घाट चढत होते. आता ते गाव आपलं आहे. तिथं आपण डोक्यावर भारा न घेता, हात मोकळे सोडून चालावं, एवढा हक्क आपला नक्कीच आहे.

पुढच्या बैठकीत हा विषय वहीत लिहा. तारीख ठरवा. आणि जाऊन आलात की आपल्या रेडिओवर येऊन सांगा, पंचबोलला कोणाचं नाव घेऊन हाक मारली ते. रामराम.