विज्ञानपटांचा प्रभाव आणि कारखान्यातील एक शब्द

सर्वाधिक प्रभावशाली विज्ञानपट कोणते, या प्रश्नावर चित्रपटाच्या अभ्यासकांत वारंवार वाद होतो आणि तो बहुधा निर्णयावाचून संपतो. वादी-प्रतिवादी दोघेही 'प्रभाव' हा शब्द वापरतात. पण एकाच्या मनात पुढील दिग्दर्शकांनी गिरवलेला कित्ता असतो, तर दुसऱ्याच्या मनात यंत्रविद्येला मिळालेली दिशा असते. तिसरा एखादा केवळ आपल्या आदरालाच प्रभाव म्हणतो. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकाने २०२२ साली घेतलेल्या मतगणनेत समीक्षकांनी '२००१ : अ स्पेस ओडिसी' (१९६८) या चित्रपटास सहावे आणि दिग्दर्शकांनी पहिले स्थान दिले. या निकालाचा आधार प्रभावाच्या वादात घेतला जातो. परंतु ती गणना श्रेष्ठतेची होती. श्रेष्ठ कृती प्रभावहीन असू शकते आणि सामान्य कृतीचा प्रभाव दूरवर पोहोचू शकतो.

या गुंत्यात भाषाशास्त्राला एक मर्यादित पण निश्चित कसोटी सुचवता येते. मराठीवरील फारसीचा प्रभाव मोजताना हाफिज किती मराठी माणसांनी वाचला, याची कोणी मोजदाद करीत नाही. 'बाजार', 'तारीख', 'जमीन' हे शब्द फारसीचा गंधही नसलेल्या माणसाच्या तोंडी आहेत, हाच त्या प्रभावाचा पुरावा होय. 'फारसी-मराठी कोश' (१९२५) सिद्ध करणारे माधवराव पटवर्धन हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन करीत. पुढे त्यांनीच भाषाशुद्धीचा पुरस्कार केला, तरी परकीय शब्दांची मुळे बोलीत किती खोल जातात हे त्यांच्या कोशाइतके दुसऱ्या कशानेही स्पष्ट होत नाही. तोच न्याय चित्रपटाला लावला, तर प्रश्न असा मांडता येईल : चित्रपट न पाहिलेल्या माणसाच्या बोलण्यात तो काय ठेवून गेला?

ही कसोटी लावण्यासाठी विद्यापीठाचे सभागृह सोयीचे नाही. तेथे चित्रपट पाहिलेले लोक असतात. कोल्हापूरच्या परिसरातच, पंचगंगेच्या पलीकडे, पुणे-बंगळूर महामार्गालगत शिरोलीची औद्योगिक वसाहत आहे. तिच्या नावातील 'एमआयडीसी' म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ. हे पूर्ण नाव कोणी उच्चारीत नाही. आद्याक्षरांचेच ईकारान्त स्त्रीलिंगी नाम झाले असून माणूस 'एमआयडीसीत' कामाला जातो. ओतकाम आणि यंत्रकाम हा येथील प्रमुख व्यवसाय. वाहने, पंप, यंत्रे यांचे सुटे भाग येथे तयार होतात. या भागातील यंत्रकौशल्याचे चित्रपटाशी नाते जुने आहे. १९१८ साली बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने चित्रपटाचा कॅमेरा घडविला तो कोल्हापुरातच. त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनीचे चित्रपट निर्माण झाले. कोल्हापुरात यंत्र आणि पडदा यांची ओळख एकाच पिढीत झाली, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

शिरोलीतील कारखान्यांची भाषा दोन थरांची आहे. 'भट्टी', 'साचा', 'वाळू', 'ओतणे' हा एक थर. 'फौंड्री', 'कास्टिंग', 'कोअर', 'पॅटर्न', 'फेटलिंग', 'सीएनसी' हा दुसरा. दुसऱ्या थरातील प्रत्येक शब्द वस्तूबरोबर किंवा प्रक्रियेबरोबर आला. यंत्र पेटीतून निघाले, त्यावर जे नाव होते किंवा ते बसविणाऱ्याने जे उच्चारले, ते रुळले. या सर्वांना एक अपवाद आहे आणि तो 'रोबो' हा होय. कास्टिंग उचलणारी वा यंत्रावर चढवणारी भुजा जेथे कोठे बसते, तेथे तिला नाव शोधावे लागत नाही. कामगार तो शब्द घरून घेऊन आलेला असतो. वस्तू येण्यापूर्वी शब्द येऊन थांबलेला असणे, ही ज्याला चित्रपटाचा प्रभाव म्हणता येईल त्याची खरी खूण आहे.

हा शब्द चित्रपटानेच आणला, असे मात्र सरळ म्हणता येत नाही. कारेल चापेक या चेक लेखकाचे 'आर. यू. आर.' हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले व पुढील वर्षी प्राग येथे रंगभूमीवर आले. 'रोबोट' हा शब्द त्यातील असून तो चापेकचा भाऊ योसेफ याने सुचविला होता. त्याच्या मुळाशी असलेल्या 'रोबोटा' या चेक शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द आहे : वेठ. शाहू छत्रपतींनी ज्या प्रथेला आपल्या संस्थानात कायद्याने बंदी केली, तिचेच नाव मध्य युरोपात एका काल्पनिक मजुराला मिळाले. चापेकचे रोबोट धातूचे नव्हते. ते मांसल, कृत्रिम रीतीने घडविलेले मानव होते. त्यांना धातूचे शरीर चढविले ते फ्रिट्झ लांग याच्या 'मेट्रोपोलिस' (१९२७) या जर्मन मूकपटाने, आणि त्या चित्रपटात 'रोबोट' हा शब्द नाही. तेथील संज्ञा 'माशिनेनमेन्श' अशी आहे. तिचे अक्षरशः भाषांतर 'यंत्रमानव' असेच होते. शब्द नाटकाने दिला आणि रूप चित्रपटाने. पुढे दोन्ही एकमेकांस इतके चिकटले की आज 'रोबोट' म्हणताच जे डोळ्यांपुढे येते ते लांगच्या चित्रपटातील आहे. 'स्टार वॉर्स' (१९७७) मधील सोनेरी यंत्रपुरुषाचे रेखन करताना राल्फ मॅक्वॉरी याने 'मेट्रोपोलिस'मधील आकृतीच समोर ठेवली होती.

मराठीतील 'रोबो' या रूपाचीही थोडी छाननी आवश्यक आहे. तो पुल्लिंगी आहे : रोबो बसवला, रोबो बिघडला. यावरून बोलणाऱ्याच्या मनात पुरुषाकृती आहे, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. परंतु ते टिकत नाही. 'फोटो', 'टेम्पो', 'रेडिओ' हे ओकारान्त आगंतुक शब्दही पुल्लिंगीच आहेत, आणि टेम्पोत कोणाला पुरुष दिसत नाही. अन्त्य 'ट' गळण्याचे मात्र ध्वनिशास्त्रीय कारण देता येत नाही. 'बूट', 'कोट', 'प्लॉट' यांतील 'ट' मराठीने निमूटपणे सांभाळला आहे. आखूड रूप बाहेरूनच तयार होऊन आले असले पाहिजे, आणि त्याचे वाहक म्हणून 'रोबोकॉप' (१९८७) सारख्या चित्रपटांची शीर्षके डोळ्यांपुढे येतात. दिग्दर्शक शंकर यांचा २०१० सालचा चित्रपट या संदर्भात उद्बोधक आहे. तमिळमध्ये त्याचे नाव 'एंदिरन', म्हणजे संस्कृत 'यंत्र' या शब्दाच्या तद्भव रूपाला लागलेला तमिळ पुरुषवाचक प्रत्यय. तेलुगूत तोच चित्रपट 'रोबो' झाला आणि हिंदीत 'रोबोट'. एकाच नायकाला संस्कृत आणि चेक अशी दोन कुळे लाभली.

चित्रपटाच्या प्रभावाचा बळकट पुरावा लिंगात किंवा अन्त्य व्यंजनात नसून उपमेत आहे. 'तो रोबोसारखा काम करतो' हे वाक्य मराठीत सर्रास आढळते आणि त्याचा अर्थ भावनाशून्य, न थकणारा, सांगितले तेवढेच करणारा माणूस असा होतो. ही उपमा कारखान्यातील भुजेवरून सुचणे शक्य नाही. त्या भुजेला डोके नाही, पाय नाहीत, चेहराही नाही. ती उपमा पडद्यावरील आकृतीवरूनच येऊ शकते. उलट, प्रत्यक्ष औद्योगिक रोबोच्या इतिहासात चित्रपटाचा वाटा अल्प आहे. १९६१ साली न्यू जर्सी राज्यातील जनरल मोटर्सच्या कारखान्यात 'युनिमेट' हा पहिला औद्योगिक रोबो कामाला लागला. त्याचा पुरस्कर्ता जोसेफ एंगलबर्गर याला प्रेरणा मिळाली ती आयझॅक असिमॉव्हच्या कथांतून. त्याचे काम होते साच्यातून निघालेली तप्त ओतीव वस्तू उचलण्याचे! शिरोलीतील ओतारी ज्या कामात हात भाजून घेत आला, त्याच कामापासून रोबोचा औद्योगिक इतिहास सुरू होतो.

येथे परिभाषेचा एक प्रश्न उद्भवतो. 'यंत्रमानव' हा शब्द शुद्ध, पारदर्शक व पाठ्यपुस्तकांना प्रिय आहे. शुद्धतेच्या कैवाऱ्यांना वाटते की तो अर्थ स्पष्ट करतो. वस्तुतः तो १९२७ सालच्या एका चित्रातच अडकून पडला आहे. त्यातील 'मानव' काढता येत नाही, आणि भुजेत मानव नाही. 'रोबो' हा शब्द मराठी कानाला अपारदर्शक असल्यामुळेच दोन्ही अर्थ पेलू शकला. हा प्रश्न केवळ कोशकारांचा नव्हे. 'सीएनसी लेथ' हाही अनेक हातांचे काम एका हाती आणतो, पण त्याच्या नावात माणूस नाही. रोबो येणार म्हटले की किती माणसे जाणार, हा प्रश्न आपोआप उभा राहतो, कारण त्या शब्दाबरोबर आलेल्या प्रतिमेत माणसाची जागा घेणारा कोणीतरी असतो. कामगाराची ही शंका अज्ञानातून येते असे समजणे चुकीचे ठरेल. 'मेट्रोपोलिस'चा विषयच भूमिगत नगरीतील मजूर आणि वर राहणारे मालक हा होता, आणि तो चित्रपट न पाहताही त्याचा प्रश्न शिरोलीपर्यंत पोहोचला आहे.

दुसरे उदाहरण थोडक्यात पाहता येईल. निवडणूक असो वा परीक्षा, तिची 'उलटगणती' किंवा 'काउंटडाऊन' सुरू झाल्याचे वृत्तपत्रे लिहितात. अग्निबाण सोडताना अंक उलटे मोजण्याची पद्धत लोकांपुढे आली ती लांगच्याच 'फ्राउ इम मोंड' (१९२९) या चंद्रप्रवासावरील मूकपटामुळे. शून्यापर्यंतचा उतार प्रेक्षकाला ताण देतो, म्हणून ती योजना केली गेली. हेर्मान ओबर्थ हे त्या चित्रपटाचे शास्त्रीय सल्लागार होते, आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये यशस्वीपणे उडालेल्या व्ही-२ अग्निबाणावर याच चित्रपटाचे बोधचिन्ह रंगविलेले होते. येथेही कृतीची रीत वस्तूच्या आधी आली. भाषिक कसोटीवर सर्वांत वर येणारे हे दोन्ही चित्रपट मूक आहेत, ही गोष्ट गंमतीची खरी. दोहोंची लेखिका थेआ फॉन हार्बू हिने पुढे बेळगावजवळच्या बेळगुंदीचे मराठी पत्रकार आयी तेंडुलकर यांच्याशी विवाह केला. अर्थात या संबंधाला प्रभावाचा पुरावा मानता येणार नाही. चित्रपट आधीचे आहेत आणि शब्द त्या मार्गाने आले नाहीत.

देशी चित्रपटांपैकी या कसोटीला उतरतो तो 'मिस्टर इंडिया' (१९८७). काम सांगताच नाहीसा होणारा माणूस 'मिस्टर इंडिया झाला' असे म्हटले जाते. त्याची परंपरा एच. जी. वेल्सच्या कादंबरीवरील १९३३ सालच्या 'द इन्व्हिजिबल मॅन'पर्यंत मागे जाते. तो पाहून विजय भट्ट यांच्या 'ख्वाब की दुनिया' (१९३७) मध्ये बाबूभाई मिस्त्री यांनी काळ्या दोऱ्याने वस्तू हलवून अदृश्य माणूस दाखविला, आणि १९५७ साली 'मिस्टर एक्स' आला. तथापि बोलीत शिरला तो शेवटचाच.

'किंगकाँग' हा शब्द मात्र सावधपणे हाताळला पाहिजे. आडदांड देहाच्या माणसाला हे नाव दिले जाते आणि त्याचे मूळ १९३३ सालच्या चित्रपटात आहे हे खरे. पण याच नावाने भारतात कुस्त्या करणारा, दारासिंगशी झुंजलेला एक हंगेरियन मल्लही होऊन गेला. तालमींच्या कोल्हापुरात हा शब्द पडद्यावरून आला की आखाड्यातून, हे अर्थावरून ठरविता येत नाही. दारासिंग स्वतः १९६७ साली 'चाँद पर चढाई' या चित्रपटात अंतराळवीर झाला. त्या चित्रपटाने मात्र भाषेत काही ठेवले नाही.

या कसोटीला एक मोठी मर्यादा आहे. '२००१'ने मराठीला शब्द दिला नाही, म्हणून त्याचा प्रभाव नाही असे कोणी म्हणणार नाही. तो चित्रभाषेत आहे आणि तेथे तो चित्रपटाच्या अभ्यासकांनीच मोजावयाचा. त्याहून अवघड उदाहरण सत्यजित राय यांचे. १९६२ साली 'संदेश' या बंगाली मासिकात त्यांनी परग्रहावरील सौम्य प्राण्याची एक बालकथा लिहिली. १९६७ साली तिच्या आधारे 'द एलियन' ही पटकथा हॉलिवुडसाठी सिद्ध केली. चित्रपट निघाला नाही. १९८२ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'ई.टी.' आला तेव्हा आपल्या पटकथेच्या प्रती तेथे फिरल्यावाचून हे घडले नसते, असे राय यांनी म्हटले. स्पीलबर्ग यांनी ते नाकारले. न निघालेल्या चित्रपटाचा प्रभाव कोणत्या शब्दात शोधावयाचा?

मराठीपुरते पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. कृष्णविवराची कल्पना मराठी वाचकाच्या परिचयाची होण्यास चित्रपटाची वाट पाहावी लागली नाही. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली नारायण विनायक जगताप या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी लिहिलेल्या पारितोषिकप्राप्त कथेचे नावच 'कृष्णविवर' होते. किप थॉर्न यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला 'इंटरस्टेलर' चाळीस वर्षांनी, २०१४ साली आला, तेव्हा मराठीत शब्द तयार होता. तरीही तो चित्रपट पाहून आलेला तरुण 'ब्लॅक होल' म्हणतो, आणि 'कृष्णविवर' वाचलेला त्याचा प्राध्यापक 'कृष्णविवर' म्हणतो.