परदेशी जोडीदार आणि स्थलांतराचा निर्णय : कोणी कोणाच्या देशी जावे?

वसई-मुंबई परिसरातील आपल्या धर्मग्रामांत मिस्सेच्या शेवटी वाचल्या जाणाऱ्या विवाहाच्या घोषणांमध्ये अलीकडे परदेशी नावेही ऐकू येतात. नोकरीनिमित्त आखातात, युरोपात किंवा जहाजावर गेलेले आपले तरुण-तरुणी तेथेच जोडीदार निवडतात. विवाह ठरतो, धर्मगुरू आशीर्वाद देतात, सोयरेधायरे जेवून आपापल्या घरी जातात. आणि मग सर्वांनीच ज्याला बगल दिलेली असते तो प्रश्न नवदांपत्यापुढे उभा राहतो. संसार थाटायचा कोठे? जोडीदाराच्या मायदेशी जायचे, त्याला वा तिला येथे आणायचे, की दोघांनाही परक्या अशा तिसऱ्या देशी राहायचे?

हा निर्णय प्रेमाच्या भरात किंवा नातलगांच्या आग्रहाखातर घेतला जाऊ नये, म्हणून त्याच्या काही बाजू येथे मांडल्या आहेत.

ख्रिस्तसभेचा कायदा काय सांगतो?

लग्नानंतर मुलीने नवऱ्याच्या घरी जायचे ही आपल्या समाजाची रूढी. तीच फूटपट्टी परदेशी विवाहालाही लावली जाते. मुलगी जर्मनीला निघाली तर कोणी आश्चर्य करीत नाही. मुलगा बायकोच्या देशी निघाला की मात्र गावात कुजबुज सुरू होते.

ख्रिस्तसभेची भूमिका आज अशी नाही. १९१७ च्या कॅनन कायद्यात पत्नीचे अधिकृत निवासस्थान पतीच्या निवासस्थानावरून ठरत असे. १९८३ साली आलेल्या नव्या कायद्याने हा नियम बदलला. त्यातील १०४ व्या कलमानुसार पती-पत्नींचे निवासस्थान सामाईक असावे. परंतु ते कोणाचे, हे कायदा सांगत नाही. योग्य कारण असल्यास दोघांना वेगवेगळे निवासस्थानही ठेवता येते. ११३५ वे कलम वैवाहिक सहजीवनाबाबत दोघांचे हक्क व कर्तव्ये समान मानते. थोडक्यात, एकत्र राहणे हे दोघांचे कर्तव्य आहे, आणि कोठे राहावे हे ठरविण्याचा अधिकारही दोघांचाच आहे.

पवित्र शास्त्रातही हेच दिसते. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात माता-पित्याला सोडून निघतो तो पुरुष आहे. रूथच्या पुस्तकात नामीचे कुटुंब दुष्काळामुळे बेथलेहेम सोडून मवाबात जाते आणि दहा वर्षांनी विधवा नामी मायदेशी परतते. रूथ तिच्यासोबत जाते, अर्पा आपल्या माहेरी राहते, आणि शास्त्र अर्पाला दोष देत नाही. जाणे हीच निष्ठा आणि थांबणे हा अपराध, असा सोपा हिशेब तेथे नाही.

एक उदाहरण : जर्मनी

प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात, म्हणून एकच देश उदाहरणादाखल घेऊ. समजा, वसईची एक परिचारिका दुबईत काम करीत असताना एका जर्मन अभियंत्याशी विवाहबद्ध झाली आणि दोघे जर्मनीत स्थायिक होण्याचा विचार करीत आहेत.

पहिली अट भाषेची. जर्मन नागरिकाच्या भारतीय जोडीदाराला व्हिसासाठी सर्वसाधारणपणे ए-१ या प्राथमिक पातळीचे जर्मन येत असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. हा नियम २००७ पासून आहे. मुंबई व पुणे येथील मॅक्सम्युलर भवनात ही परीक्षा देता येते. तेथे पोहोचल्यावर निवासाचा परवाना मिळतो आणि त्यासोबत नोकरी करण्याचा हक्कही मिळतो.

परंतु हक्क मिळणे वेगळे आणि आपल्या शिक्षणाला साजेशी नोकरी मिळणे वेगळे. परिचारिका, डॉक्टर, शिक्षक असे व्यवसाय जर्मनीत सरकारी मान्यतेशिवाय करता येत नाहीत. परिचारिकेला आपली पदविका तपासून घ्यावी लागते, गरजेनुसार पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा द्यावी लागते, आणि भाषा सर्वसाधारणपणे बी-२ पातळीपर्यंत न्यावी लागते. यात एक-दोन वर्षे सहज जातात. येथे संपूर्ण वॉर्ड सांभाळणारी स्त्री त्या काळात पतीच्या कमाईवर अवलंबून राहते. दवाखान्यात, बँकेत, शेजाऱ्याशी बोलताना तिला पतीचा आधार घ्यावा लागतो. स्वतःच्या पायावर उभे राहण्याची सवय असलेल्या माणसाला हे परावलंबन फार जाचते, आणि संसारातील अनेक भांडणांचे मूळ येथेच असते. म्हणून भाषा प्रमाणपत्रापुरती न शिकता निघण्यापूर्वीच शक्य तितकी पुढे न्यावी.

आणखी एक बाब प्रत्येकाने जाणून घ्यावी. सुरुवातीची वर्षे तिचा निवासाचा हक्क विवाहावर अवलंबून असतो. दांपत्याने जर्मनीत किमान तीन वर्षे एकत्र संसार केल्यानंतरच, विवाह तुटल्यास तिला स्वतंत्रपणे तेथे राहण्याचा हक्क मिळतो. घरातील मारहाणीसारख्या विशेष हालअपेष्टांच्या प्रसंगी या अटीला अपवाद आहे. छळ सोसत राहण्यावाचून गत्यंतर नाही, असा समज करून घेणाऱ्या बहिणींना हा अपवाद ठाऊक असला पाहिजे.

परत फिरता येईल अशी पावले आणि न येईल अशी

स्थलांतराचा विचार करताना "जाऊन तर पाहू, नाही जमले तर परत येऊ" असे म्हटले जाते. काही बाबतींत ते खरे आहे. नोकरी पुन्हा मिळू शकते, भाड्याचे घर सोडता येते. परंतु तीन बाबतींत परतीची वाट अरुंद आहे किंवा बंद आहे. तेथे पाऊल टाकताना दहा वेळा विचार करावा.

पहिली बाब नागरिकत्वाची. जर्मन नागरिकाशी विवाह केलेल्या व्यक्तीला, विवाहाला दोन वर्षे आणि तेथील कायदेशीर वास्तव्याला तीन वर्षे झाल्यावर, भाषा व इतर अटी पूर्ण करून नागरिकत्व मागता येते. जून २०२४ पासून जर्मनी त्यासाठी जुने नागरिकत्व सोडायला लावीत नाही. परंतु भारत दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर ओसीआय कार्ड घेऊन येथे हवे तितके राहता येते. मात्र मतदान करता येत नाही. पुन्हा भारतीय नागरिक व्हायचे तर पाच वर्षे ओसीआय धारक असणे आणि अर्जापूर्वी एक वर्ष येथे राहणे, शिवाय परदेशी नागरिकत्व सोडणे भाग असते. वाट आहे, पण लांबची. नागरिकत्व न घेता कायम निवासाच्या परवान्यावरही राहता येते, हे लक्षात ठेवून घाई टाळावी.

दुसरी बाब जमिनीची. परदेशी राहणाऱ्या भारतीयाला आणि ओसीआय धारकाला भारतात घर किंवा सदनिका विकत घेता येते, परंतु शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित शेतजमीन वारशाने मिळू शकते आणि असलेली जमीन ठेवता येते. म्हणून प्रवासखर्चासाठी किंवा तिकडच्या घरासाठी वाडी विकली, तर ती किंवा तिच्यासारखी दुसरी वाडी पुन्हा विकत घेता येईलच असे नाही. त्याचबरोबर, परदेशी गेल्याने मुलीचा वारसाहक्क नाहीसा होतो हा समज साफ चुकीचा आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार ख्रिस्ती मुलगा व मुलगी यांना समान वाटा आहे, मग ते वसईत राहोत की बर्लिनमध्ये.

तिसरी आणि सर्वांत नाजूक बाब मुलांची. मूल जेथे वाढते, शाळेत जाते, तो देश कायद्याच्या दृष्टीने त्याचा नेहमीच्या वास्तव्याचा देश ठरतो. पुढे दुर्दैवाने पती-पत्नींचे पटेनासे झाले आणि आई, पतीच्या संमतीवाचून, मुलाला घेऊन भारतात परतली, तर जर्मन कायद्याच्या दृष्टीने ते मुलाचे बेकायदा अपहरण ठरू शकते. अशा प्रकरणांसाठी १९८० सालचा हेग येथील आंतरराष्ट्रीय करार आहे. जर्मनीने तो स्वीकारला आहे, भारताने स्वीकारलेला नाही. त्यामुळे अशी प्रकरणे दोन देशांच्या न्यायालयांत अडकतात आणि त्यात मूल भरडले जाते. पितालाही हेच लागू आहे. मूल होण्यापूर्वीचा देश बदलण्याचा निर्णय आणि मूल शाळेत जाऊ लागल्यानंतरचा निर्णय, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मागे राहिलेले आई-वडील

एकुलत्या एका मुलीच्या किंवा मुलाच्या बाबतीत हा प्रश्न काळजाला भिडतो. "आपण तिकडे गेलो की आई-बाबांनाही नेऊ" हे आश्वासन अनेकजण मनापासून देतात. वस्तुस्थिती अशी आहे की जर्मनीत सज्ञान अपत्याच्या आई-वडिलांना कायम निवासासाठी नेणे फार कठीण आहे. सर्वसाधारणपणे अपवादात्मक हालअपेष्टा सिद्ध झाल्या तरच ते शक्य होते. भेटीच्या व्हिसावर त्यांना दर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. म्हणून पाळता न येणारे वचन देऊ नये. आजारपणात कोण धावून येईल, खर्चाचा वाटा कोण उचलेल, वर्षातून किती वेळा येणे जमेल, हे भावंडांशी आणि जोडीदाराशी मोकळेपणाने बोलून ठरवावे. चौथ्या आज्ञेचे पालन दूरच्या देशातूनही करता येते, मात्र त्यासाठी आधी तजवीज करावी लागते.

श्रद्धेचे काय?

जर्मनीत पोहोचल्यावर नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. तेथे धर्मही विचारला जातो. कॅथलिक अशी नोंद झाली की आयकर भरणाऱ्याकडून त्या आयकराच्या ८ किंवा ९ टक्के इतका चर्चकर वसूल केला जातो. बव्हेरिया व बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्यांत तो ८ टक्के आहे, अन्यत्र ९ टक्के. आपल्याकडील दानपेटीची सवय असलेल्यांना याचे आश्चर्य वाटते, आणि पैसे वाचविण्यासाठी "धर्म नाही" असे लिहिण्याचा सल्लाही काहीजण देतात. तो मानू नये. नोंदलेले सभासदत्व सरकारी कार्यालयात जाऊन सोडणाऱ्याला संस्कार घेता येत नाहीत, असे जर्मन बिशपांनी २०१२ साली जाहीर केले आहे.

तेथील अनेक धर्मग्रामांत रविवारच्या मिस्सेला थोडीच माणसे दिसतात, त्यातही बरीच वृद्ध. भरलेल्या चर्चची सवय असलेल्या आपल्या माणसाला ही शांतता एकाकी करते. पण त्याच देशात अनेक भारतीय धर्मगुरू सेवा करीत आहेत, आणि स्थलांतरितांसाठी त्यांच्या भाषांतील उपासनासमूहही आहेत. कॅनन कायद्याप्रमाणे, किमान तीन महिने राहण्याच्या हेतूने गेलेली व्यक्ती त्या धर्मग्रामाची झालेलीच असते. तेव्हा पाहुण्यासारखे मागच्या बाकावर बसू नये. पहिल्याच महिन्यात धर्मगुरूंना भेटावे.

जोडीदार कॅथलिक नसेल तर आपल्या परीने मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढविण्याचे वचन आपण विवाहापूर्वी दिलेले असते. वसईत त्या कामी आजी-आजोबा, धर्मशिक्षणाचे वर्ग, सारा गाव हातभार लावतो. परदेशी तो भार बहुधा एकट्यावर पडतो. मुलांशी घरात मराठी किंवा आपली बोली बोलावी. आजीसोबत रोझरी म्हणता येणारे नातवंड तिच्यापासून फार दूर जात नाही.

आणि त्याने येथे यावे का?

हा पर्याय अनेकदा चर्चेलाच येत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला आधी प्रवेश व्हिसावर येथे राहता येते, आणि विवाहनोंदणीनंतर दोन वर्षे संसार टिकला असेल तर ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. पाकिस्तान व बांगलादेशच्या नागरिकांना ही सोय नाही. विवाह विच्छेदित झाल्यास हे कार्ड रद्द होते. म्हणजे जर्मनीत आपल्या मुलीला वाटते तीच असुरक्षितता येथे तिच्या पतीला वाटेल. भाषा, नोकरी, हवामान, सासरची माणसे, सारे त्याच्यासाठी तितकेच परके असेल.

ठरविण्यापूर्वी

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेटिशिया' या पत्रात कुटुंबातील संवादावर सविस्तर लिहिले आहे. या निर्णयात तो संवाद पुढील प्रश्नांपासून सुरू व्हावा.

आपण दोघांनी एकमेकांच्या देशात, केवळ सुटीत नव्हे तर कामाच्या रोजच्या दिवसांत, काही महिने राहून पाहिले आहे काय? जो देश सोडणार आहे त्याच्या नावे स्वतंत्र बँकखाते आणि परतीच्या प्रवासाला पुरेल इतकी रक्कम आहे काय? भाषा व पदवीच्या मान्यतेसाठी लागणारा काळ आणि खर्च दोघांनी मिळून उचलायचे ठरले आहे काय? येथील भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तिवेतनाची कागदपत्रे जपून ठेवली आहेत काय? भारत व जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू असल्याने दोन्ही देशांतील सेवेचा काळ निवृत्तिवेतनाच्या पात्रतेसाठी एकत्र धरता येतो. आणि शेवटचा प्रश्न : तीन वा पाच वर्षांनी पुन्हा एकत्र बसून, जो आला तो सुखी आहे का हे विचारण्याचे, आणि नसेल तर परतण्याचाही विचार करण्याचे, आपण एकमेकांना वचन दिले आहे काय?

देश सोडणाऱ्याने भाषा, नोकरी, माणसे आणि ओळखीची वाट एकाच वेळी मागे ठेवलेली असते. ज्याच्या देशात संसार थाटला जातो त्याचे हे ऋण आयुष्यभराचे असते. ते ओळखणारा जोडीदार लाभला तर कोणताही देश घर होतो. पवित्र कुटुंबालाही मिसर देशात आश्रय घ्यावा लागला होता, आणि वेळ येताच योसेफ त्यांना घेऊन परतला होता. जाण्याचे धैर्य आणि परतण्याचे स्वातंत्र्य, ही दोन्ही सोबत असतील तरच निघावे.